विश्लेषण : गवत कापताना, धुरे पेटवताना मरणारे जीव ‘नजरचुकी’चेच बळी आहेत का?

मे महिना संपत आला की मराठवाड्यात मोबाइलवर एक फोटो हमखास फिरतो. ढेकळांच्या रानात चार ठिपकेदार अंडी, आणि खाली ओळ : टिटवीने चार अंडी घातली, यंदा चार महिने पाऊस. त्याची बातमीही होते. (टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. त्यामुळे हा अंदाज दरवर्षी चांगल्या पावसाचाच निघतो, तो भाग वेगळा.) फोटो काढून झाला की दोन दिवसांनी त्याच रानात रोटाव्हेटर फिरतो. अंडी होती ती जागा कोणती, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

यात कोणी दुष्ट नसते. मृगाआधी रान तयार करायचे असते, घरामागचे गवत वाढलेले असते, धुऱ्यावरच्या काट्या आडव्या येतात, मोसंबीच्या झाडांची सल काढायची असते. काम करता करता ससुल्याच्या पिल्लाला ग्रास कटरचे पाते लागते, फांदीबरोबर बुलबुलाचे घरटे खाली येते, पऱ्हाटीच्या ढिगाला काडी लावल्यावर आतून धामण होरपळून बाहेर येते. आपण हळहळतो, ‘चुकून झाले’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. पहिल्या वेळी ते खरेही असते. पण दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच यंत्राने, त्याच कोपऱ्यात तेच होत असेल, तर त्याला नजरचूक म्हणायचे की नजर टाकायचा कंटाळा? जालना जिल्ह्यापुरते बोलायचे तर मला दुसरा शब्द जास्त बरोबर वाटतो.

जंगल नाही, मग वन्यप्राणी कुठले?

जालना हा राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. ‘आपल्याकडे जंगलच नाही, मग वन्यप्राणी कशाला असतील’ हा समज त्यातूनच आला. प्रत्यक्षात उलट आहे. जंगल नाही म्हणूनच इथले बरेचसे वन्यजीव आपल्या धुऱ्यावर, गायरानात, मोसंबीच्या बागेत, विहिरीच्या काठावरच्या बाभळीत आणि घरामागच्या अडगळीत राहतात. काळवीट, रोही, कोल्हा, खोकड ही मोठी नावे सोडून द्या. मुंगूस, घोरपड, ससा, तितर, लावा, रातवा, पिंगळा, सुगरण, धामण ही सगळी आठही तालुक्यांतली आपली शेजारी मंडळी. त्यांना राहायला तीन-चार फूट रुंदीचा धुरा पुरतो आणि बहुतेकांना तेवढाच उरला आहे.

शेजारच्या बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ मोरांसाठी नायगावचे अभयारण्य आहे. आपल्याकडच्या मोरांना तसे कोणी राखून ठेवलेले रान नाही. लांडोर पावसाळ्यात एखाद्या झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालते आणि ते झुडूप बहुतेक वेळा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते.

यंत्राचा आवाज येतो, मग ते पळत का नाहीत?

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो आणि सगळा घोटाळा इथेच आहे. आपल्याला वाटते, एवढा आवाज करत यंत्र येते म्हटल्यावर प्राणी बाजूला होईलच. मोठे होतातही. पण जमिनीवर वाढणाऱ्या पिल्लांचा बचाव नेमका उलटा असतो : हलायचे नाही. सशाची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात. बिळात नाही, तर गवतातल्या एका उथळ खळग्यात ती दबून बसतात. आई दिवसभर लांब राहते, म्हणजे तिच्या वासावर कोल्हा पिल्लांपर्यंत पोचत नाही. अंधार पडला की ती येऊन दूध पाजून जाते. कोल्ह्यासमोर, घारीसमोर ही युक्ती चालते. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यासमोर तीच युक्ती मरण ठरते. पिल्लू जितके ‘शहाणे’, तितके ते घट्ट बसून राहते.

रातवा आणि लांडोर अंड्यांवर अशाच बसतात; पाय पडायची वेळ येईपर्यंत उठत नाहीत. टिटवीचे वेगळे. ती लांबूनच ओरडत उठते, डोक्यावर घिरट्या घालते, अंगावर झेप घेते. म्हणजे रानात टिटवी आकांत करत असेल तर घरटे किंवा पिल्ले जवळ आहेत, हे ती स्वतः सांगत असते. आपण ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात.

विळ्याने गवत कापणाऱ्या बाईची नजर प्रत्येक मुठीवर असायची. समोर काही हलले तर हात थांबायचा. ग्रास कटर आला आणि हात जमिनीपासून चार फूट वर गेला. चष्मा, आवाज, उडणारी माती यात समोरचे दिसतच नाही. यंत्र नको असे माझे म्हणणे नाही. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, हे जालन्यात कोणाला सांगायला नको. पण यंत्राने आपला वेळ वाचवला आणि पाहण्याचे कामही काढून घेतले. ते काम आता यंत्र सुरू करायच्या आधी वेगळे करावे लागते, एवढाच फरक.

जर्मनीत गवताची कुरणे कापताना हरणांची पाडसे अशीच मारली जात. पाडसेही सशासारखी दबून बसतात. तिथे आता पहाटे ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा लावून आधी कुरण पाहतात, पाडस दिसले की उचलून कडेला ठेवतात आणि मग यंत्र घालतात. २०२१ पासून अशा ड्रोनसाठी तिथल्या केंद्र सरकारने अनुदानही दिले. तिथल्या कायद्यानुसार १ मार्च ते ३० सप्टेंबर कुंपणाची झुडपे मुळापासून छाटता येत नाहीत; हलकी कापणी तेवढी चालते. आपल्याला ड्रोन नको. एक काठी आणि दहा मिनिटे पुरतात.

दहा मिनिटांत काय करायचे?

गवतात यंत्र घालण्याआधी काठीने गवत हलवत एक चक्कर मारायची. शक्य असेल तर दोघांनी, चार-चार फुटांच्या पट्ट्यात. यात पहिला फायदा प्राण्याचा नाही, आपला आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. घोणस तर चाहूल लागली तरी जागची हलत नाही, फुत्कारत बसून राहते. तिचा तो कुकरच्या शिट्टीसारखा आवाज यंत्राच्या घरघरीत ऐकू येत नाही. काठीच्या चकरेत येतो.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि ती फारसे कोणी सांगत नाही. सोयाबीन असो की गवत, आपण कडेने सुरू करून गोल फिरत आत जातो. त्यामुळे रानातले सगळे जीव मधल्या शिल्लक पट्ट्यात गोळा होत जातात आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत एकदम सापडतात. त्याऐवजी मधून सुरू करून बाहेर यावे, किंवा एका बाजूने सुरू करून धुऱ्याच्या, बागेच्या दिशेने सरकत जावे. डिझेल तेवढेच लागते. प्राण्याला मात्र पळायला वाट राहते.

टिटवीचे घरटे सापडले तर? हिशेब करून पाहा. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात आणि पिल्ले बाहेर आली की लगेच चालू लागतात, घरट्यात थांबत नाहीत. घरट्याभोवती दहा फूट बाय दहा फूट जागा सोडली तर ती होते १०० चौरस फूट. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणजे एकराचा साधारण चारशे पस्तिसावा भाग, तोही एका पाळीपुरता. काठीला चिंधी बांधून खूण करायची आणि ट्रॅक्टरवाल्याला दाखवून ठेवायची. भाड्याचा ट्रॅक्टर असेल तर हे दाखवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तो रान पहिल्यांदाच पाहत असतो आणि त्याला तासाचे पैसे मिळतात.

मोसंबीची सल काढताना, अंगणातली बोगनवेल किंवा लिंबू छाटताना आधी आत वाकून पाहायचे. बुलबुल, शिंपी, शिंजीर यांना दाट झाडोरा हवा असतो आणि उन्हाळा हा त्यांचा हंगाम. बुलबुलाला अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत महिनाभरही लागत नाही. एक फांदी महिनाभर राहिली तर बागेचे काही बिघडत नाही. जुने आंब्याचे किंवा लिंबाचे झाड तोडायचे असेल तर ढोलीत पिंगळा नाही ना, हे पाहायचे. विहिरीवरच्या बाभळीची फांदी तोडायची असेल तर सुगरणीची पिल्ले उडून जाईपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत थांबायचे.

शेततळ्याचा प्रश्न वेगळा, पण जालन्यात तो टाळता येत नाही. कडवंचीसारख्या गावाने शेकडो शेततळी करून द्राक्षाची बाग फुलवली, ते कौतुकाचेच आहे. मात्र प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पाण्याला आलेला प्राणी आत पडला तर वर चढू शकत नाही. माणसाचे लेकरूही चढू शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर किंवा जुनी जाळी पाण्यापर्यंत सोडून ठेवली तर दोघांचीही सोय होते. तळ्याला कुंपण असेल तर उत्तमच.

धुरा पेटवणे ही नजरचूक कशी?

इथे मात्र मला ‘चुकून’ हा शब्द मान्य नाही. पात्यासमोर पिल्लू येणे आपल्याला दिसत नाही. धुरा पेटवताना आत काय आहे हे न पाहता काडी टाकायचे आपण ठरवलेले असते. उन्हाळ्यात सगळे रान मोकळे झालेले असते आणि सावली, आडोसा फक्त धुऱ्यावर उरलेला असतो. त्यामुळे शिवारातले सगळे छोटे जीव तिथेच गोळा झालेले असतात, आणि आपण पेटवतो तोच धुरा. आगीपासून मोठा ससा पळेल, तितर उडेल. अंडी, पिल्ले, सरडे, बिळात नसलेले साप यांना वाट नसते.

बरे, यातून मिळते काय? तण जळते, पण मुळे राहतात. पहिल्या पावसात हरळी पुन्हा उभी. दर उन्हाळ्यात धुऱ्याची आग शेजारच्या बागेत शिरल्याच्या, ठिबकच्या नळ्या आणि मोसंबीची झाडे जळाल्याच्या बातम्या येतात. दहा-बारा वर्षे वाढवलेले झाड एका दुपारी जाते आणि मग भावकीत पोलीस ठाणे. उंदीर खाणारी धामण आणि मुंगूस जळून गेल्यावर पावसाळ्यात उंदरांचे औषध विकत आणायचे, हा हिशेबही कोणी मांडत नाही.

पऱ्हाटी, धसकटे, वाळलेली सल यांचा ढीग महिनाभर पडून असेल तर तो आता ढीग नसतो, घर असते. पेटवायचाच असेल तर त्याच दिवशी एका बाजूने उचलून दुसरीकडे रचावा आणि मग काडी लावावी. कुट्टी करून रानातच टाकली तर त्याहून चांगले.

उसाच्या फडात काय शिकायला मिळते?

नकळत होणाऱ्या त्रासातून नीट वाट काढल्याचे राज्यातले सर्वांत चांगले उदाहरण उसातल्या बिबट्याचे आहे. जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर भागात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. मादीला उंच, दाट ऊस म्हणजे सुरक्षित रानच वाटते. तोडणी येईल हे तिला कुठे ठाऊक? पूर्वी गर्दी जमायची, पिल्ले हातात घेऊन फोटो निघायचे, आणि पिल्ले आईपासून कायमची तुटायची. पिल्ले गेलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते, हे माणसालाही धोक्याचे.

आता तिथे पद्धत ठरली आहे. कोयते थांबतात, वन विभागाला फोन जातो. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्ले तपासतात. संध्याकाळी पिल्ले पेटीत घालून सापडली त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसे लांब जातात. अंधारात मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. अनेकदा ती पिल्ले बिबट्याची नसतात, रानमांजराची किंवा वाघाटीची निघतात. त्यांनाही असेच परत दिले जाते. त्या भागात बिबट्याने माणसे मारली आहेत, भीती खरी आहे, तरीही ही पद्धत टिकली. कारण पिल्लू आईकडे जाणे हे गावाच्याही हिताचे आहे, हे लोकांना पटले.

हे आपल्यापासून लांबचे नाही. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातल्या टोळ्या दरवर्षी त्याच फडांमध्ये कोयता चालवायला जातात. गोदाकाठचा आपला ऊसही काही कमी नाही. फडात पिल्लू दिसले की काय करायचे, हे तिकडे जाऊन आलेल्या मुकादमाला विचारले तर तो सरकारी पत्रकापेक्षा नीट सांगेल.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आपल्या समजापेक्षा बरीच रुंद आहे. मारणे, विष घालणे, फासे लावणे तर आलेच. पण जखमी करणे आणि पक्ष्यांची, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा घरटी विस्कटणे हेही त्यात येते. मोर आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर दंडाच्या रकमा वाढल्या आहेत.

नकळत पाते लागले म्हणून वन विभाग शेतकऱ्याच्या दारात उभा राहील, असे कोणी घाबरून जाऊ नये. पण दिसत असूनही काम रेटले, तर ‘चुकून’ म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात रस्ता रुंदीकरणासाठी एक मोठे झाड पाडले गेले. त्यावर पाणपक्ष्यांची वसाहत होती. पिल्ले रस्त्यावर आपटून मेली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि गुन्हा दाखल झाला. झाड पाडणाऱ्या यंत्राचा चालकही त्यातून सुटला नाही.

दुसरी बाजू दयेची, आणि चांगली माणसे अडकतात ती तिथे. सापडलेले पिल्लू घरी आणून वाढवणे हा गुन्हा आहे. असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस किंवा वन विभागाला कळवावे लागते. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका शेतकऱ्याने शेतात सापडलेला जखमी सारस बरा केला. पक्षी त्याच्या मागे मागे उडू लागला, दोघे प्रसिद्ध झाले आणि मार्च २०२३ मध्ये वन विभागाने पक्षी नेला, त्याच्यावर गुन्हाही नोंदवला. तो गुन्हा मला कठोर वाटतो. पण फोन पहिल्या दिवशी केला असता तर ती वेळ आली नसती.

लागलेच तर काय करायचे?

आधी पिल्लाला खरोखर लागले आहे का ते पाहा. ससुल्याचे धडधाकट पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते अनाथ नाही. आई संध्याकाळी येणार आहे. गवत कापून झाले असेल तर त्याच जागी थोडा आडोसा करून, कुत्री बांधून ठेवून निघून जायचे. जमिनीवर फडफडणारे, अंगावर पिसे आलेले पक्ष्याचे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते. घरटे फांदीसह पडले असेल तर तीच फांदी शेजारच्या फांदीला सुतळीने, सावलीत बांधायची. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत ते खरे नाही. आई पिल्लाच्या आवाजावर येते. आपण मात्र लांब गेलो पाहिजे.

जखमी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात जुने कापड घालून अंधारात, शांत जागी ठेवायचे. गायीचे दूध पाजायचे नाही, तोंडात पाणी ओतायचे नाही. मुले गोळा होऊन हाताळतात, तेही थांबवायचे. भीतीनेच छोटा जीव जातो. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. साप असेल तर त्याला हात न लावता लांबून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला बोलवायचे.

सगळे शेतकऱ्याच्याच माथी का?

ही तक्रार रास्त आहे. रोही आणि रानडुकरांनी पीक झोपवलेल्या माणसाला ‘धुऱ्यावरचा पिंगळा जप’ म्हणायला जीभ रेटत नाही. मोर पेरलेले दाणे टिपतात, ससा कोवळी रोपे कुरतडतो, तेही खोटे नाही. पण पीक झोपवणारा प्राणी आणि पात्याखाली सापडणारा प्राणी बहुतेक वेळा एक नसतात. रानडुकराचा राग टिटवीवर काढून उपयोग नाही. ती तर रानातले किडे वेचून खाते. (कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे या चर्चेत येतच नाही. ती चूक नव्हे, गुन्हा आहे, आणि त्यात माणसेही मरतात.)

सरकारी कामांनीही स्वतःकडे पाहावे. पावसाळ्याआधी महावितरण तारांजवळच्या फांद्या तोडते; काम आवश्यकच, पण ते येते नेमके घरट्यांच्या दिवसांत. लाइनमनला ‘घरटे असलेली फांदी तारेला लागत नसेल तर शेवटी तोड’ एवढी सूचना द्यायला खर्च नाही. ग्रामपंचायतीची स्वच्छता, रस्त्याकडेची झुडपे काढणे, पाणंद मोकळी करणे ही सगळी कामे याच महिन्यात आणि बहुतेक वेळा जेसीबीने होतात. महाडीबीटीवरून रोटाव्हेटर, कापणी यंत्र यांना अनुदान मिळते. अर्जासोबत सातबारा, आधार, कोटेशन सगळे मागतात. यंत्र कोणत्या दिशेने चालवायचे, हे सांगणारा एक मराठी कागद मात्र कोणी देत नाही. कृषी सहायक पेरणीपूर्व बैठका घेतात, तिथे हा विषय पाच मिनिटांचा आहे.

वन विभागाचे कर्मचारी जिल्ह्यात मोजके आणि गावे लांब. रात्री आठ वाजता जाफराबाद किंवा मंठ्याच्या टोकाच्या वाडीवरून फोन केला तर माणूस पोचायला वेळ लागणारच. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जवळच्या वनरक्षकाचा आणि सर्पमित्राचा क्रमांक लिहिलेला हवा. फळ्यावर सध्या घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी असते. तिच्याखाली दोन ओळींची जागा निघू शकते, आणि पेरणीला अजून दिवस आहेत.